मामांचे यूनानी जंत

वाशिमपासून मालेगावपर्यंत जंतांचा इतका आदर करणारा माणूस माझ्या मोठ्या मामांखेरीज दुसरा झाला नाही. मालेगावात मास्तरकी करून निवृत्त झालेली माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर घरच्यांच्या चुका काढतात. मामांना मात्र मायदेशी परतणाऱ्या एका पाद्र्यानं जाडजूड ग्रीक शब्दकोश देऊन टाकला. आपल्या ‘कृमी’चा कुणी भाऊबंद ग्रीकांकडे सापडतो का, एवढंच बघायला मामांनी तो उघडला, आणि पुढली अकरा वर्षं ते जंतांतून बाहेर आलेच नाहीत. पोटातल्या जंताला ग्रीकांचा एक शब्द, जखमेतल्या अळीला दुसरा, लाकूड पोखरणाऱ्या किड्याला तिसरा. कुठला शब्द वळण्यावरून आला, कुठला वाकण्यावरून, कुठला कोरण्यावरून, हे ते भेटेल त्याला ऐकवत. बाजारात किडकं वांगं दिसलं की आनंदानं चष्मा पुसून तिथंच उभे राहत. एकदा माळीणबाई वैतागून म्हणाली, “मास्तर, घ्याचं असन तं घ्या, नाही तं पुढं व्हा. माह्या वांग्याची बदनामी कायले करून राह्यले?” मामांनी ते वांगं विकत घेतलं आणि घरी आणून त्यातल्या अळीचं ग्रीक नाव मामींना सांगितलं. मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसरी खोड म्हणजे शंका. कुठलीही व्युत्पत्ती सांगून झाली की मामा बोट वर करून म्हणत, “पण यावर मतभेद आहेत.” ही सवय इतकी मुरलेली, की भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं मामींनी विचारलं तरी म्हणायचे, “पडलेलं दिसतं, पण मतभेद असू शकतात.” मी तेव्हा शिकवणीसाठी त्यांच्याकडेच राहत होतो आणि मित्रांत त्यांची हुबेहूब नक्कल करत असे.

अशात समोरच्या पिंजारीचाचांची कमान बंद झाली. कापूस पिंजताना उठणारा तिचा टणत्कार ऐकतच आमची गल्ली कामाला लागायची. चार दिवस तो नाही, तेव्हा चाची रडतच आमच्या दारात आल्या. चाचांच्या पोटातून वीतभर लांब जंत पडला होता. कुणीतरी म्हणालं, हे सापाचं पिल्लू, कुणी करणी करून पोटात साप घातला. झालं! साप उपाशी मरावा म्हणून चाचांनी अन्नच सोडलं. दवाखान्यातल्या कंपाऊंडरनं दिलेली जंताची पुडीही घेईनात. औषधानं साप चवताळेल आणि आतून डसेल, ही भीती.

आम्ही गेलो तर चाचा भिंतीकडे तोंड करून पडलेले. डोळे खोल गेलेले, आवाज जेमतेम निघत होता. मला तर वाटलं, हा माणूस आता हातचा जातो. चाचींनी पुरावा म्हणून तो जंत फुटक्या मडक्याखाली राखेत झाकून ठेवला होता. मामांनी तो चष्मा लावून नीट बघितला आणि चाचांच्या उशाशी बसकण मारली.

“चाचा, हा साप नोहे. याले नाव आहे. हेल्मिन्स.”

“कोनत्या मुलुखातलं नाव?” चाचांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

“यूनानचं. दोन हजार वर्सांपासूनचं.”

चाचांनी मान वळवली. त्यांच्या घरात तीन पिढ्या हकिमाचीच दवा चालत आलेली, आणि हकिमाची विद्या यूनानातून, म्हणजे ग्रीसातूनच, आली हे ते लहानपणापासून ऐकत होते. आमच्या घरी ज्या ग्रीकांची टिंगल चालायची, ते या घरात मोठ्या अदबीचे लोक निघाले.

“हकीमसाबचं यूनान?”

“तेच.”

“मंग त्यायच्या पोटात भी हे व्हतं?”

“व्हतं तं! म्हनून तं नाव देलं. ते नाव वळवळन्यावरून आलं, डसन्यावरून नाही. सापाले त्यायच्याकडं अलग शब्द आहे.”

“मास्तर, सच सांगा. पक्कं?”

मी मनात म्हटलं, आता मामांचं बोट वर होणार! मामांनी बोट मुठीत मिटलं. मग म्हणाले, “पक्कं.”

चाचांनी पुडी मागितली. वर एरंडेल घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट साफ झालं आणि त्यांनी ज्वारीच्या कण्या मागून खाल्ल्या. तिसऱ्या सकाळी कमानीचा आवाज आला, तशी सगळी गल्ली हसत दारात आली. मामा मात्र ओट्यावर कोश उघडून बसले.

“कोशात ‘असावं’ लिहिलंय रे,” ते हळूच म्हणाले. “वळण्यावरून आलं असावं. मी पक्कं म्हणून आलो.”

“मामा, माणूस वाचला ना?”

“वाचला रे, वाचला,” ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या एका ‘पक्कं’साठी मला त्यांचा किती अभिमान वाटला, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसताच हसलो.