वेबसाइट इश्यू झालेली आहे

सगळ्या जगाचं इंटरनेट सात दिवसांच्या मुदतीवर, एका वेळी एकालाच वाचायला देणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला आणि तो आमच्या सौंसरच्या शाळेत लायब्ररी सांभाळत होता. आमच्याकडे शाळेत पाय ठेवणारा प्रत्येक पुरुष ‘सर’ असतो, म्हणून तेही सरच. पण ओळखायला सोपं जावं म्हणून सगळे त्यांना लायब्ररीवाले सर म्हणत. मी विज्ञान शिकवतो. म्हणजे नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात गेली काही वर्षं मी पासवर्ड सांभाळतो. पोरांचे, मास्तरांचे, प्राचार्यांचे, आणि ज्या पोर्टलवर हे सगळे पासवर्ड विसरल्याची तक्रार करायची असते त्या पोर्टलचाही. दिवसभर ओटीपी येतात आणि मी ते कुठेकुठे भरतो. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोने काही विचारलं तर आधी सहा आकडी उत्तरच तोंडात येतं. अशा थकलेल्या माणसाच्या वाट्याला लायब्ररीवाले सर आले होते, हे आधी ध्यानात घ्या.

शाळेला वरून टॅबलेट आले तेव्हा आम्ही खोके उघडून पाहिले आणि पुन्हा बंद केले. सरांनी मात्र ते लायब्ररीत नेऊन प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं, आत परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि पाठीवर पांढऱ्या पट्टीवर दाखल नंबर घातला. ही पट्टी बरोबर कॅमेऱ्यावर बसली. पुढे ऑनलाइन प्रशिक्षणात त्यांनी पाठचा कॅमेरा चालू केला आणि सबंध दोन तास आमच्या शाळेच्या चौकोनात फक्त अंधार दिसत होता. त्या अंधारातून त्यांनी एकच प्रश्न विचारला. लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर गुप्त शिक्का मारायचा असतो, म्हणजे पुस्तक चोरीला गेलं तरी ओळखता येतं; तर ई-पुस्तकावर तो कुठे मारायचा? शिकवणाऱ्या बाईंना वाटलं नेटवर्क गेलं. त्यांनी सरांना तीनदा ‘आवाज येतोय का’ विचारलं आणि सरांनी तीनदा येतो म्हणून सांगितलं.

मग कार्डं आली. सरकारी वाचन-पोर्टलवरच्या प्रत्येक ई-पुस्तकाचा, प्रत्येक कामाच्या वेबसाइटचा क्यूआर कोड त्यांनी छापून घेतला, जाड पुठ्ठ्यावर डकवला, नंबर दिला आणि लाकडी खणात विषयवार लावला. पोरानं यायचं, कार्ड निवडायचं, रजिस्टरवर सही करायची, सात दिवस ते वाचायचं आणि कार्ड परत आणून द्यायचं. तोवर ती वेबसाइट दुसऱ्या कोणालाही मिळायची नाही. एकदा मला सूर्यमालेच्या वेबसाइटची गरज पडली. सरांनी खण उघडून पाहिला आणि ती दहावीतल्या एकाकडे मंगळवारपर्यंत इश्यू झालेली आहे, असं सांगून माझं नाव प्रतीक्षेच्या वहीत लिहिलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन तीच वेबसाइट माझ्या फोनवर उघडली आणि उघडी दिसू नये म्हणून फोन टेबलाखाली धरला. स्वतःच्या पैशांच्या नेटवर चोरी केल्यासारखं वाटलं.

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते पुस्तकांबरोबर वेबसाइटींचीही मोजणी करत. एकेक कार्ड घ्यायचं, उघडून पाहायचं, वहीत खूण करायची. एका वर्षी पक्ष्यांची एक वेबसाइट उघडेना. सरांनी तिच्यापुढे ‘हरवले’ असं लिहिलं आणि ते कार्ड शेवटचं नेलेल्या नववीतल्या मुलीला बोलावणं धाडलं. ती बिचारी लोधीखेड्याहून सायकल मारत आली आणि रडकुंडीला येऊन शपथेवर सांगू लागली की तिनं वाचून झाल्यावर नीट बंद करून ठेवली होती. दोन दिवसांनी वेबसाइटचा पत्ता बदलल्याचं मीच शोधून काढलं. सरांनी ‘हरवले’ खोडून ‘सापडले’ लिहिलं आणि त्या मुलीची भर वर्गात माफी मागितली. आमच्या शाळेत शिक्षकानं विद्यार्थिनीची माफी मागितल्याची ही एवढीच नोंद आहे.

पोरं कार्डाचा फोटो काढून मित्रांना पाठवतील, मग तुमच्या खणाला काय अर्थ, असं प्राचार्यांनी त्यांना एकदा विचारलं. सर म्हणाले, “काढतीन तं काढू द्या. फोटो काढलेला पोट्टा वाचत नाई, कार्ड नेलेला वाचते.” हे मला तेव्हा हटवादीपणाचं वाटलं. एका दुपारी चहा पिताना त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील बोरगावकडे संत्र्याच्या बागांत मजुरी करत. वस्तीतल्या विहारात पुस्तकांची एक पेटी होती आणि प्रत्येक पुस्तकासाठी नंबर लागे. “एका पुस्तकाले माह्या बापाचा नंबर चौथा होता. तो रोज जाऊन पह्यल्याले विचारे, कुठपर्यंत आलं? मंग दुसऱ्याले विचारे. पुस्तक हातात भेटलं तवा अर्धं त्याले आयकूनच पाठ झालं होतं. अन् बाकीचं वाचासाठी तो अक्षरं शिकला.” एवढं बोलून त्यांनी कप विसळला आणि लायब्ररी उघडायला गेले. मी पाहिलं तर खरंच, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पोरं एकमेकांना विचारत असत, कुठपर्यंत आला, मेला का तो, मले सांगू नोको. ज्या पोरांच्या घरी बापाचा फोन दिवसभर रिकामा पडलेला असे, तीही आपला नंबर येण्याची वाट पाहत.

पूर्वी तपासणीचे साहेब छिंदवाड्याहून यायचे, म्हणजे बहुतेक यायचेच नाहीत. मग जवळचं पांढुर्णा वेगळा जिल्हा झालं आणि साहेब चहाच्या वेळेला पोचू लागले. त्यातच पोर्टलवर प्रत्येक शाळेची वाचनसंख्या दिसू लागली आणि आमची शाळा यादीच्या तळाशी निघाली. बाकीच्या शाळांत एका तासात अख्खा वर्ग पुस्तकं उघडत होता. आमच्याकडे दिवसाला पाच-सहा. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की दिवाळीनंतरच्या तपासणीपर्यंत संख्या वाढली नाही तर लायब्ररीची खोली परीक्षेच्या सामानाला जाईल, पुस्तकं पेट्यांत जातील आणि सरांना पांढुर्ण्याच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर जोडलं जाईल. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी स्वतःबद्दल काही विचारलं नाही. “अन् पोट्टे?” एवढंच म्हणाले. प्राचार्यांनी पुढची फाइल उघडली.

मी त्यांना परोपरीनं समजावलं. खण उघडा, एका दिवसापुरता उघडा, पोरांना काय हवं ते उघडू द्या. ते ऐकून घेत आणि मान हलवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकालाच एक. शेवटी एका बुधवारी मी स्टाफरूमचं दार लोटून बसलो. पासवर्ड तर माझ्याकडेच होते. एकेका पोराच्या नावानं शिरायचं, पुस्तक उघडायचं, शेवटच्या पानावर जायचं, बंद करायचं. दुपारभरात मी चौतीस वाचनं केली. बोटं दुखली, पण मित्राची खोली वाचवतोय असं वाटत होतं आणि खोटं सांगत नाही, मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर रजिस्टर काखेत घेऊन आले. “बुधवारी पोर्टलवर चाळीस जणं वाचून राहिले दिसते. माह्या हातून सहा गेले. त्यातलं एक पोट्टं तं आठ दिवसांपासून संत्र्याच्या तोडीले गेलं हाय. हे कोणं नेले, सर?” मी कबूल केलं. ते रागावतील, निदान तोंड फिरवतील, याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी खुर्ची ओढली, पेन काढलं आणि रजिस्टरवर एकाखाली एक चौतीस ओळी लिहिल्या. चौतीस पुस्तकं, प्रत्येकापुढे माझं नाव आणि परतीची वेगळी तारीख. मला चौतीस सह्या करायला लावल्या आणि तितकी कार्डं हातात ठेवली. मग म्हणाले, “नेले तं वाचा लागन.”

आता ती पुस्तकं माझ्याकडे इश्यू होती, म्हणजे दुसऱ्या कोणालाच मिळेनात. पोरं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहू लागली. सर, दात दुखणाऱ्या हत्तीची गोष्ट झाली का? सर, चंद्रावर शेती करणारी बाई कुठपर्यंत आली? परिपत्रकं सोडून मी कित्येक वर्षांत काही वाचलं नव्हतं. आता जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात मी हत्तीच्या दाताचं काय होतं ते वाचू लागलो. एक पुस्तक दोन दिवस उशिरा दिलं तर सरांनी शिक्षा म्हणून मला भूगोलाचं कपाट लावायला लावलं. आणि मी ते लावलं. त्या महिन्यात मी जितका दमलो तितकाच बरा होतो, हे आत्ता लिहिताना कळतं.

साहेब आले. एकालाच एक या हिशेबानं संख्या पुन्हा खाली आली होती, वर फक्त तो एक बुधवार होता. प्राचार्य त्या बुधवारावर बोट ठेवून उभे राहिले. सरांनी रजिस्टर पुढे केलं. “साहेब, यातले चौतीस या सरायचे हाय. एकोणीस वाचून झाले, पंधरा बाकी हाय.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. तोही माझ्यासारखाच थकलेला दिसत होता. त्यानं रजिस्टरची पानं बराच वेळ उलटली, फार छान ठेवलंय म्हणाला, आणि मग सांगितलं की पोर्टलवर रजिस्टरसाठी रकाना नाही. पंधरा दिवसांत ऑर्डर आली. पेट्या भरताना सरांनी कार्डांचा खण माझ्या ताब्यात दिला आणि पोचपावती घ्यायला विसरले नाहीत. मंगळवार-शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांनी भरलेल्या ज्या बसमध्ये ते उभ्यानं वाचत यायचे, तिच्याऐवजी आता पांढुर्ण्याची बस धरू लागले.

आता सगळं खुलं आहे. एका तासात सगळा वर्ग सगळं उघडतो. आमची शाळा यादीत वर आली आणि प्राचार्यांचा सत्कारही झाला. कोणतं पुस्तक किती वेळ उघडं होतं हे पोर्टलवर फक्त मला दिसतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही. व्हरांड्यात कोणी कोणाला काही विचारत नाही.

माझी पंधरा राहिली होती. हिवाळाभर मी ती सावकाश वाचून काढली आणि परवा सरांना फोन लावला. मागे कोणीतरी जावक क्रमांक मागत होतं. सर, माझी पंधरा झाली वाचून, मी म्हणालो.

“मंग कार्डं जमा करा. घेऊन बसू नोका, कोणी वाट पाहून राहिलं असन. नंबर कोणाचा हाय?”

मी आठवीतल्या एका मुलीचं नाव सांगितलं, तोंडात आलं ते. बरं झालं, म्हणाले, तिले उद्याच देजा. मी देतो म्हणालो. वाट पाहणारं कोणीच नव्हतं, आणि ते मला त्यांना सांगता आलं नाही.