विचारायचे राहिलेले पाच शब्द

मेंदू-संशोधनाच्या फेलोशिपवर असताना मी किल्लारीत म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायचो. एकट्या राहणाऱ्या एका आजींना पाच शब्द सांगून म्हणालो, "थोड्या वेळानं विचारतो." बाहेर जीपवाला हॉर्न द्यायला लागला. न विचारताच कागदावर 'एकही आठवला नाही' असं लिहिलं आणि निघालो.

सहा महिन्यांनी त्या आजी एसटी स्टँडवर भेटल्या. माझी बाही धरून, एकेक बोट मिटत म्हणाल्या, "लिंबू, दोर, चिमणी, विहीर, कंदील. इचारायला आलाच न्हाईस की रं! रोज घोकत राहिले, तू येशील म्हणून."

कागदावर काय लिहिलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

"आता दुसरे दे," त्या म्हणाल्या.

मी दिले. विचारायला मात्र अजून गेलेलो नाही.