तणसाचा जावई

सासऱ्यांना मी आयुष्यात एकदाच मनापासून आवडलो, आणि त्या वेळी मी तिथे नव्हतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. पवनीकडे वैनगंगेच्या काठी आमचं गाव, आणि उन्हाळ्यात नदीच्या रेतीत आमची डांगरांची वाडी. (डांगर म्हणजे खरबूज. पुण्याच्या लोकांनी भोपळा समजू नये!) त्या साली वेलांच्या मधोमध कासवीण अंडी घालून गेली. एरवी अशी अंडी कोणीतरी भाजून खायचं, पण या वेळी माझी आई आडवी आली.

"देवळात कासवाच्या पाया पडता, अन् त्याचीच अंडी खाता? लाज नाही वाटत?"

गाव वरमलं. पिल्लं नदीत जाईपर्यंत कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण करायची, घरोघरी पाळी लावायची असं ठरलं. भर दुपारची पाळी माझ्यावर आली, कारण पाळ्या ठरताना मीच सगळ्यात जास्त बोलत होतो.

बोलणं हाच माझा रोग. दिवाळीला मी सासऱ्यांच्या बैलजोडीला, त्यांच्याच ओसरीवर बसून, पाहुण्यांदेखत नावं ठेवली होती. मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात) भडकले. "हा जवाई एका शब्दाले दहा शब्द देते. आणखी एकदा उलटून बोलला, का पोरीले घेऊन जातो माह्या घरी, लाखनीले!" मामाजी बोललेलं करणारे होते. आणि बायकोवाचून, शांतावाचून, मला एक दिवस करमत नव्हतं. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

एके दुपारी ऊन असं तापलं की मला अक्कल सुचली. धानाच्या तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, बुजगावणं केलं. त्याला सासरहून आलेला चौकड्यांचा शर्ट घातला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला, अंड्यांजवळ मान खाली घालून बसवलं आणि घरी येऊन झोपलो.

नेमके त्याच दुपारी मामाजी पलीकडच्या काठाला एस.टी.तून उतरले आणि उथळ पाणी ओलांडून रेती तुडवत निघाले!

मला जाग आली ती अंगणातल्या त्यांच्या आवाजाने. "जवाईबापू लय सुधरले, पोरी! एवढ्या उन्हात कासवाची राखण करून राहिले. दिवाळीचं सारं काढलं म्या, लय बोललो. मान वर नाही केली! एक शबुद नाही उलटून!"

शांता आत आली आणि मला कोपराने ढोसलं.

"अजी, उठा! बाबा तुमाले नदीवर भेटून आले!"

"कायले खोटं बोलून राहिली? मी तं इथंच..."

"तेच तं! पळा मागच्या दारानं!"

तिकडे मामाजी आईला म्हणत होते, "चला विहीणबाई, साऱ्या गावासमोर हार घालतो त्याले!"

मी धावलो. तापल्या रेतीत, अनवाणी! बुजगावण्याला उघडं केलं, शर्ट चढवला, तणस वेलांखाली कोंबलं आणि मान खाली घालून बसलो, तोच निम्मं गाव येऊन धडकलं. मामाजींनी हार घातला आणि भाषण सुरू केलं. "आमची बैलजोडी म्हणजे अख्ख्या तालुक्यात..." माझी जीभ वळवळायला लागली. डावा बैल लंगडतो हे मी स्वतः पाहिलं होतं! पण डोळ्यांसमोर लाखनीची एस.टी. आणि तिच्या खिडकीत शांता. मी ओठ दाबून बसलो.

एवढ्यात आभाळ भरून आलं, ऊन उतरलं. भाषण चालूच होतं, आणि माझ्या अंगठ्याजवळची रेती हलली. रुपयाएवढं एक पिल्लू वर आलं. मग दुसरं, मग रीघच लागली!

"निघाले! मामाजी, निघाले!"

बैलजोडी तिथेच राहिली. म्हातारे काठ्या उगारून कावळे हाकलू लागले, बायांनी कुत्री अडवली, आणि गावाने दुतर्फा उभं राहून पिल्लांना वाट करून दिली. शेवटचं पिल्लू पाण्यात शिरलं तेव्हा असा जल्लोष झाला की पलीकडचा काठ दणाणला. आई रडली. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मामाजींनी माझी पाठ थोपटली. मग माझ्या कॉलरमधून तणसाची एक काडी हळूच ओढून काढली आणि वेलांखालच्या ढिगाकडे बराच वेळ बघितलं.

"पोरगी राहू द्या इथंच," एवढंच म्हणाले.

पुढच्या दिवाळीला ते स्वतः दोन शर्ट घेऊन आले. "हा तुमाले, अन् हा त्या दुसऱ्या जवायाले."

त्याचं कापड जास्त भारी होतं.