डाव्या अंगाच्या पाकळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवीलाही नाही — तिला काय सांगायचं, ती समोरच होती. सांगायला माणूस लागतो, आणि माणसांपुढे माझं तोंड उघडत नाही. लहानपणापासूनच नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही उत्तर येत असून कधी हात वर केला नाही. म्हणून लिहिते आहे. लिहिताना समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघत नसतो, तेवढंच बरं.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. कणकुंबीला जाणारा रस्ता सोडून आत वळलं की जंगलाला लागून. घर गुरवाचं. देवळातली पूजा आमच्याकडे, आणि कौल लावायचं कामही आमच्याकडेच. कौल तुम्हाला ठाऊक असेल. नसला तर सांगते. एखाद्याला काही ठरवता येत नाही — पोरीला हे स्थळ द्यावं की नाही, बोअर इथे मारावी की तिथे — असं झालं की तो देवीसमोर येऊन बसतो. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या अंगावर चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. गाऱ्हाणं घालतो. मग सगळे गप्प बसून बघत राहतात. वाळत आली की पाकळी सुटते. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. त्यावर आमच्या भागात ठरलेली लग्नं मोडली आहेत.

गाभाऱ्यात माझे यजमान जात. मी बाहेर. पण पाकळ्या माझ्या हातच्या. सकाळी तगरीची फुलं खुडायची, पाकळ्या सोडवायच्या, भिजवायच्या, आणि दोन द्रोणांत घालून उंबऱ्यावर ठेवायच्या — एक द्रोण देवीच्या उजव्या अंगाचा, एक डाव्या अंगाचा. सासूबाईंनी शिकवलं होतं. इतकी वर्षं केल्यावर कुठली पाकळी धरून राहील आणि कुठली लवकर सुटेल, हे हातालाच कळतं. कळण्यात काय वाईट? काही नाही. कळण्यात नाही.

माझा एकच मुलगा, प्रकाश. तो बेळगावात एका कारखान्यात मशीनवर होता. सून शीतल तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स. दोघांनाही पाळ्या, म्हणून नात आर्वी लहानपणी माझ्याकडे गावात असायची. ती माझ्याच कुशीत झोपायची. सुट्टी जुळली की दोघं गाडीवरून यायची.

शीतल बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका बाईंकडे जर्मन भाषा शिकायला जात होती. तिच्याबरोबरची एक नर्स जर्मनीला गेली होती, तिने हिलाही ये म्हटलं होतं. परीक्षा झाली, तिकडच्या दवाखान्याने हो म्हटलं. आधी शीतलने जायचं, बस्तान बसलं की प्रकाश आणि आर्वीने. प्रकाशचं मन मात्र होत नव्हतं. म्हणून एका रविवारी सगळे आमच्या सोप्यात बसले. शीतलचा भाऊ विनायकही आला होता. तो लोकांचे कर भरून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला होता. मी आत चुलीपाशी. तिथून सगळं ऐकू येतं.

"तिकडं पगार हातात पडायच्या आधीच कापत्यात, मामा," विनायक यजमानांना सांगत होता. "कर निराळा, दवाखान्याचा विमा निराळा, म्हातारपणाच्या पेन्शनचं निराळं. तिसरा हिस्सा तर गेलाच म्हणून समजा."

"मग इथंच बरं की," प्रकाश म्हणाला. "हिला इथं एक रुपाया कर बसत न्हाय."

"कर बसाय पगार तर पायजे हो तेवढा!" शीतल हसली. "इथं सरकार कापत न्हाय, पर शाळा कापती, डॉक्टर कापतोय, घरमालक कापतोय. तिकडं एकदाच काय ते कापून घेत्यात. मग पोरीच्या शाळेला फी न्हाय. उलट पोरीच्या नावानं सरकारच म्हैन्याला पैसे देतंय."

"आणि एक कर तर लई भारी हाय," विनायक म्हणाला. "चर्चचा. ज्यानं आपला धर्म तसा लिहिलाय, त्याच्या पगारातनं सरकारच कापतंय आणि चर्चला देतंय."

यजमान पानाला चुना लावता लावता थांबले. "सरकार कापून देतंय? देवाला?"

"व्हय. पर ह्यास्नी लागायचा न्हाय तो. आपण त्यांच्यातलं न्हवं."

"त्ये ऱ्हाऊ दे रं. इकडं कवा लावणार, त्ये इचार. गुरवाचं तरी भलं हुईल!"

सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडाला लावून.

मग तिकडच्या राहण्याच्या गोष्टी निघाल्या. रविवारी दुकानं बंद. मिक्सर लावला की खालचा माणूस वर येऊन दार वाजवतो. कचऱ्याचे निरनिराळे डबे. थंडीत दुपार सरली की अंधार. आणि कळवल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही.

"म्हंजे मेल्यालं बी शेजाऱ्याला कळायचं न्हाय," यजमान म्हणाले.

"इथं शेजाऱ्यास्नी सगळं कळतंय, मामा. त्यानं काय झालं? दोन-दोन डूट्या करून आल्यावर कुणी भाकरी थापून देत न्हाय." मग तिने मान वळवून आत बघितलं. "आत्ती सोडून." आत्ती म्हणजे मी.

"आणि भाषा? जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं?" प्रकाशने विचारलं.

"आता काय करतोय? इथं ऑफिसातला कानडी कागद वाचाय दुसऱ्याला इचारतोय, तिथं जर्मन वाचाय इचारू. आपल्याला सवय हाय," शीतल म्हणाली.

असं दुपारभर चाललं. चहा दोनदा गेला. जावं की जाऊ नये हे सगळ्यांना विचारून झालं — विनायकला, शेजारून आलेल्या आप्पांनाही. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते का? नसते. "तुमचं तुम्ही बघा" म्हणून भाकरी उलटली असती. मग विचारलं नाही म्हणून मनात धरायचं कशाला? पण धरलं.

शेवटी प्रकाश म्हणाला, "देवीला इचारू या. उजवा दिला तर मी डोळं झाकून जातो."

शीतलचा कौलावर फारसा विश्वास नव्हता. ती दवाखान्यातली माणूस. तरी म्हणाली, "इचारा. देवी बाईच हाय. ती न्हाय म्हणायची न्हाय."

आता सांगते.

कौलाच्या दिवशी सकाळी मी आर्वीसाठी भाताची पेज काढली होती. ती निवत होती. शेजारी पाकळ्या भिजत होत्या. मी उजव्या अंगाच्या पाकळ्या पाण्यातून काढल्या आणि पेजेत बुडवल्या. पेज वाळली की कशी धरते, हे कुठल्याही बाईला विचारा. डाव्या अंगाच्या पाकळ्या पदराने टिपून घेतल्या, आणि दिसायला ओल्या दिसाव्या म्हणून वरून नुसता पाण्याचा हात फिरवला. दोन्ही द्रोण उंबऱ्यावर ठेवले. हात थरथरला का? नाही. सांगायला बसलेच आहे तर — नाही थरथरला.

यजमानांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांचा आवाज मोठा होता, पण त्या दिवशी हळू निघाला. पोरांनी जावं असं त्यांना वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. शीतल हात जोडून बसली होती. आर्वी माझ्या मांडीवर. फार वेळ लागला नाही. डाव्या खांद्यावरची पाकळी पडली. मग डाव्या हातावरची.

यजमानांना राहवलं नाही. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं आणि पुन्हा कौल लावला — त्याच द्रोणांतल्या पाकळ्यांनी. पुन्हा डावा. ते पाठमोरेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "देवीचं मन न्हाय, पोरांनो."

शीतल उठली. बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हाताने.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की आर्वीसाठी. पोर कुशीतून जाईल, मग एवढ्या घरात मी काय करू? ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. आर्वीला पुढच्याच वर्षी शाळेसाठी बेळगावला नेलं, आणि मी राहिलेच की.

खरं असं आहे. शीतल सोप्यात बसून बोलायची आणि पुरुष ऐकायचे. माझी शाळा कधी बंद करायची, मला कुठल्या घरी द्यायचं, दुसरं मूल का झालं नाही म्हणून कुठल्या वैद्याकडे न्यायचं — यातलं काहीही मी ठरवलं नव्हतं. आणि ही पोर समुद्रापलीकडचं ठरवत होती, हसत हसत. चहाचा कप हातात घेऊन. मला ते बघवलं नाही. वाईट होती का ती माझ्याशी? कधीच नाही. माझ्या पायाला भेग पडली तर मलम घेऊन यायची. तरीही तिला थांबवावं असं मला वाटलं. आर्वी नसती तरी मी हेच केलं असतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जर्मनीची जागा दुसरीला गेली. दोघं बेळगावातच राहिली, त्याच दोन खोल्यांत. शीतलची जर्मन हळूहळू बंद झाली. आधी भांडी घासताना काहीतरी पुटपुटायची, आर्वीला एक-दोन-तीन शिकवायची. मग तेही थांबलं.

यजमानांचं मात्र नाव झालं. लोक म्हणायचे, गुरवानं पोटच्या पोराला डावा दिला, लपवलं न्हाय. लांबून लांबून माणसं कौलाला येऊ लागली. त्यांना त्याचं बरं वाटायचं. आयुष्यभर देवीपुढे खोटं बोलले नाहीत, आणि त्यांचा खरेपणा लोकांनी ओळखला तो माझ्या खोट्यावरून. नंतरच्या कौलांच्या पाकळ्या मी सरळ दिल्या. पण ते तरी कुणी का मानावं? यजमान गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हाही मी सांगितलं नाही.

मग प्रकाशचा हात मशीनमध्ये गेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. कारखान्याने थोडं काही हातावर ठेवलं आणि घरी पाठवलं. आता तो एका गोदामाच्या दारावर बसतो. कमी बोलतो. जेवताना डाव्या हाताने जेवतो, आणि कुणी आलं की ताट घेऊन आत जातो. शीतल दोन दवाखान्यांत काम करते. तिची कंबर धरलेली असते, उठताना भिंतीचा आधार घेते. आर्वी कधी काही मागत नाही. शाळकरी पोर मागत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे.

तुम्ही म्हणाल, बोटं काय तुझ्या पेजेने गेली का? मीही तसं म्हणून बघितलं आहे. पण त्या दिवशी तो त्या मशीनपाशी का होता?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. जे गिळवत नाही ते वेगळंच आहे. शीतलने आम्हाला कधी दोष दिला असता, देवीला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. तिचा विश्वास बसला. जिचा कौलावर विश्वास नव्हता ती आता मंगळवार धरते. कितीही थकली तरी नवस फेडायला येते. आर्वीच्या शाळेचं असो की घर बदलायचं, आता पूजा करणाऱ्या भावकीतल्या गुरवाकडून कौल घेतल्याशिवाय काही ठरवत नाही. जी ठरवायची म्हणून मला सोसवली नव्हती, ती आता काहीच ठरवत नाही.

गेल्या गणपतीला पोरं गावी आली होती, तेव्हा शीतलची ती जर्मनीतली मैत्रीण भेटायला आली. नवरा, दोन मुलं, सगळे. मुलं आमच्या अंगणात आपापसात जर्मन बोलत होती. आर्वी खांबाला धरून बघत होती. बाई म्हणत होती, पहिली दोन वर्षं फार कठीण गेली, रडत झोपायचे, आता घर घेतलं. प्रकाश आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. शीतलने सगळ्यांना वाढलं, बाईची ओटी भरली, गाडीपर्यंत सोडायला गेली. परत आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. रस्त्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "आत्ती, आम्ही गेलो असतो तर ह्यांचा जीवच गेला असता बघा. देवीला म्होरचं दिसलं. तिनं बोटांवर निभावलं."

मी पदराने हात पुसले.

"खरं न्हवं, आत्ती?"

तिला उत्तर हवं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"व्हय गं," मी म्हणाले.