गोलबर्नपर्यंतही टिकली नाही

अन्याय झाला तो मेईवर. कधी, तेही सांगते: गेल्या शनिवारी सकाळी, गोलबर्न गाव यायच्या जरा अलीकडे, आपल्याच मराठी माणसांच्या व्हॅनमध्ये.

मेई माझी फ्लॅटमेट. आईवडील चीनमधले, ती इथेच, पॅरामॅटात जन्मलेली. स्टेशनबाहेर वर्णद्वेषाविरुद्धची पत्रकं आम्ही दोघी वाटतो. मध्यंतरी एकाने मला 'गो बॅक टु इंडिया' ऐकवलं, तेव्हा माझ्याआधी तीच त्याच्या अंगावर धावून गेली. म्हणून आमचा हॅरिस पार्क वस्तीतला मराठी ग्रुप यंग गावी चेरी तोडायला निघाला, तेव्हा मी तिला हट्टाने नेलं.

वाटेत तिला गाडी लागली. व्हॅन थांबवली, तिने कडेच्या गवतात उलटी केली. परत येऊन बसते तोच वैभवदादा, भारतातून नव्याने आलेल्या मुलांना खोल्या मिळवून देणारा आमचा पुढारी, म्हणाला, "चायना माल. गोलबर्नपर्यंतही टिकली नाही."

सगळी व्हॅन हसली. सगळे हसतात म्हणून मेईही हसली. "काय म्हणाला?" तिने मला विचारलं.

"नंतर सांगते," मी म्हटलं. पत्रकं वाटणारी मी.

यंगला चेरी टपोऱ्या, काळपट लाल. बादलीत कमी, पोटात जास्त. आर्व्होला (दुपारी) तिथल्या चिनी बागेत तळ्याकाठी सतरंजी अंथरली, धपाटे आणि लसणीची चटणी निघाली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सोनं शोधायला आलेल्या चिनी माणसांना याच भागातून मारून हाकललं होतं. मेईने तिथली पाटी उभ्याने वाचली आणि माझ्याकडे आली.

"आता सांग. सकाळी काय म्हणाला?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द, इंग्रजीत, सगळ्यांसमोर.

"मी हसले होते त्यावर," ती म्हणाली. एवढंच.

"जस्ट जोकिंग, मेट," वैभवदादा तिला म्हणाला. मग मला मराठीत, "सांगायची काय गरज होती तुला? सगळ्यांचा मूड घालवलास."

"आपल्याआपल्यातलं होतं गं ते," शिल्पाताई धपाटा मोडत म्हणाली.

आपल्याआपल्यातलं. आणि मेई त्याच सतरंजीवर बसलेली.

परतताना ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. गाडी लागू नये म्हणून, असं म्हणाली. गोलबर्न गेलं, तिने मागे वळून पाहिलं नाही. घरी चेरींची पिशवी ओट्यावर ठेवून खोलीत गेली. सोमवारी स्टेशनबाहेर पत्रकं मी एकटीने वाटली.

तुमच्याही गाडीत असा एखादा शब्द निघेल आणि सगळे हसतील. तेव्हा 'नंतर सांगते' म्हणू नका. ज्याच्यावर हसलात त्याला तिथेच, त्याला कळेल त्या भाषेत अर्थ सांगा. सांगायची लाज वाटत असेल, तर आधी बोलणाऱ्याचं तोंड बंद करा.