शिट्टी मारणारं दार

कामावर त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणत. वास्तविक त्यांनी जन्मात कधी शिट्टी वाजवली नव्हती. वाऱ्याच्या बोगद्यात विमानाचा पंख बसवायचा, वारा सोडायचा आणि कुठल्या फटीतून, कुठल्या कडेवरून आवाज निघतो ते हुडकून काढायचं, हे त्यांचं काम. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "वारा मुळात गरीब असतो. आपण त्याला चिमटीत धरतो म्हणून तो ओरडतो. वेग दुप्पट झाला की आवाज दुप्पट होत नाही, पन्नास-साठ पट होतो."

घरी मात्र दिव्याखाली अंधार. थोरल्या भावाचं घर आणि त्यांचं घर, मध्ये एकच दार. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून दोघांचं बिनसलं आणि त्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या. आई थोरल्याकडे, दारालगतच्या खाटेवर.

यंदा वारा सुटला आणि दार शिट्ट्या मारू लागलं. वहिनींनी त्यांना जिन्यात गाठलं. "भाऊजी, आईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आजारातून उठायचं तर झोप हवी, असं डॉक्टर म्हणालेत."

शिट्टीवाल्यांनी फटीवर रबराची पट्टी ठोकली. दार जुनं, वाकलेलं. फट बुजली नाही, नुसती बारीक झाली, आणि शिट्टी आणखी तीक्ष्ण झाली. पलीकडून थोरल्यानं चिंध्या कोंबल्या. पुन्हा तेच. खरा इलाज त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. पण त्यासाठी आधी थोरल्याशी बोलायला हवं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. आई तळमळत होती आणि आपण पट्ट्या ठोकत बसलो, याची त्यांना लाज वाटली.

रविवारी दुपारी त्यांनी आपली कडी काढून दार ठोठावलं.

"दादा, तुझ्या बाजूची कडी काढ."

पलीकडची कडी सरकली. हातात चिंध्या घेऊन थोरला उभा होता. दार उघडलं तसा वारा मुकाट्यानं दोन्ही घरांतून निघून गेला.

"किती उघडं ठेवायचं?" थोरल्यानं विचारलं. "दोन बोटं पुरे?"

"नाही. एवढीशी फट ठेवलीस तर पुन्हा सुरू होईल. सताड उघडं हवं."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटत आले होते. त्यानं खुर्ची ओढली, उघड्या दाराला टेकवली आणि दार मिटू नये म्हणून स्वतःच त्या खुर्चीत बसला.