कबनूरच्या महादेवरावांचा मदरबोर्ड

बोर्ड टेबलावर उघडाच चालू होता आणि मी त्याची उष्णता मोजत बसले होते, तेवढ्यात शालनवहिनी दुकानात आल्या. हातात जुन्या साडीत बांधलेला कॉम्प्युटर. कबनूरहून एसटीनं, मांडीवर घेऊन आणला होता.

मी कोल्हापुरात एका कॉम्प्युटरच्या दुकानात हार्डवेअर बघते. नवं मॉडेल विकायला ठेवण्याआधी आमचे मालक मल्लाप्पाअण्णा एक नग मला तपासायला देतात. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी. प्रोसेसर, रॅम, सगळं तिच्यावर बसतं. तिच्यावर व्हीआरएम नावाचा भाग असतो, तो प्रोसेसरला बेतानं वीज देतो. स्वस्त बोर्डात हाच आधी तापतो. मग प्रोसेसर वेग कमी करतो आणि गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालतं.

त्या दिवशी दोन बोर्ड होते. एक देखणा. उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक, वायफाय, रंगीत दिवे. दुसरा साधा. रॅमला दोनच जागा, एसएसडीला एकच, मागं जुन्या कीबोर्डचा गोल पोर्ट. भरपूर लोड दिल्यावर साधा जरा जास्त तापला, पण वेग सोडला नाही. अण्णांचा कल देखण्याकडे होता. किमतीच्या मानानं मला साधा बरा वाटत होता, पण तो खपेल का, याची मलाही खात्री नव्हती.

वहिनींचा कॉम्प्युटर उघडला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले होते, म्हणजे बोर्ड गेला. आता बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागणार होती. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे यजमान महादेवराव साडीच्या काठाची डिझाइनं करायचे. कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं, मग पंचिंग मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतं. कुठला दोरा उचलायचा, हे मागाला त्या भोकांवरून कळतं. डिझाइन वेळेत गेलं नाही तर व्यापारी दुसरा माणूस बघणार होता.

"दुसरं काम त्यास्नी आता जमत न्हाई, ताई," वहिनी म्हणाल्या. अर्धांगवायूनंतर महादेवरावांचा फक्त डावा हात चालत होता.

पंचिंग मशीन जुन्या सीरियल पोर्टवर चालणारं होतं. तो पोर्ट हल्ली मागच्या बाजूला नसतो. यूएसबीचा कन्व्हर्टर त्यांनी एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला होता, पण मधेच भोकं चुकायची. साध्या बोर्डावर आत सीरियलच्या पिना होत्या. पट्टी लावून पोर्ट बाहेर काढता येतो. देखण्या बोर्डावर त्या नव्हत्या. मी अण्णांना सांगितलं, की साधा बोर्ड यांना बसवते, तिथंच त्याची खरी टेस्ट होईल. अण्णा कुरकुरले, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कबनूरला गेले. खोली लांबट होती. एका टोकाला महादेवरावांची कॉट, शेजारी मॉनिटर, मांडीवर कीबोर्ड, दोन्हींच्या वायरी जोडून लांब केलेल्या. दुसऱ्या टोकाला पंचिंग मशीन आणि त्याच्याजवळ कॅबिनेट, कारण मशीनची केबल आखूड. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं सगळे मोठ्यानंच बोलत होते.

बोर्ड बसला. मशीननं पहिलं कार्ड पंच केलं. वहिनींनी ते कॉटपाशी नेऊन दिलं. महादेवरावांनी ते उजेडात धरून एकेक भोक पाहिलं आणि मान हलवली. माझं काम संपलं होतं. सवयीनं मी म्हणाले, एकदा बंद करून तुम्ही चालू करून दाखवा.

त्यांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी उठून खोलीच्या त्या टोकाला गेल्या आणि कॅबिनेटचं बटण दाबलं.

मग कळलं, ते असं. वहिनी सकाळी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला कारखान्यात जायच्या. जाताना बटण दाबून जायच्या. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा आणि वहिनी जेवायला घरी येईपर्यंत महादेवराव काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. तक्रार म्हणून हे कुणी सांगितलं नाही. "सवय झालीया," एवढंच ते म्हणाले.

बटणाची वायर कॉटपर्यंत ओढावी, असं आधी मनात आलं. मग बायोस उघडलं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग. त्यात कीबोर्डवरून चालू करायची सोय होती, पण फक्त गोल पिनेच्या कीबोर्डला. महादेवरावांचा कीबोर्ड तसलाच होता, अक्षरं पुसलेला. सेटिंग चालू केलं, कॉम्प्युटर बंद केला, त्यांना स्पेसबार दाबायला सांगितलं. काहीच झालं नाही. त्यांनीच मला समजावलं, "ऱ्हाऊ द्या ताई, मशीन चालतंय की."

मी पुन्हा बायोसमध्ये शिरले. वीज वाचवायचं एक सेटिंग चालू होतं. ते असलं की बंद कॉम्प्युटरमध्ये कीबोर्डला वीजच मिळत नाही. ते बंद केलं. मग भिंतीवरचा स्विच बंद केला, थोडं थांबून परत लावला, लाईट जाऊन आल्यासारखा.

"दाबा आता."

त्यांनी डाव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबला. खोलीच्या त्या टोकाला पंखा फिरू लागला. त्यांनी परत बंद केलं, परत चालू केलं. मग आणखी एकदा.

वहिनी दारापाशी उभ्या होत्या. त्या हसत होत्या, पण पदर डोळ्याला लावला होता. "म्हंजे आता मला हाक मारायची न्हाई म्हना," त्या म्हणाल्या.

महादेवरावांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मारीन की," ते म्हणाले. "आता बिनकामाची मारीन."

परत आल्यावर अण्णांनी विचारलं, बोर्ड कसा आहे. मी म्हटलं, वेग ठीक, उष्णता चालेल, किंमत रास्त, आणि कीबोर्डवरून चालू होतो. अण्णा म्हणाले, हे शेवटचं कोण विचारतंय? कुणी विचारत नाही, हे खरंच होतं. दोन्ही मॉडेल ठेवायचं ठरलं. देखणा जास्त खपतो, अजूनही.

मी मात्र आता मदरबोर्ड सुचवण्याआधी एक प्रश्न विचारते, की कॉम्प्युटर कुठं ठेवणार आणि वापरणारं माणूस कुठं बसणार. बरीच गिऱ्हाइकं वैतागतात. विचारलेलं बरं असतं.